गाडीची पेट्रोलची नळी आणि शेगडीची नारिंगी नळी

शेगडीला सिलिंडर जोडणारी नारिंगी नळी दर ५ वर्षांनी बदलायची असते, हे आता बहुतेक घरांत ठाऊक आहे. नळीवर मुदत छापलेली असते. तपासणीला आलेला माणूस ती बघतो आणि मुदत उलटली असेल तर आपण निमूटपणे नवी घेतो. नळीला चीर गेली म्हणून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळून वर वरण शिजवणारं घर मी अजून पाहिलेलं नाही.

खाली पार्किंगमध्ये मात्र हेच चालतं. २०-२५ वर्षांच्या गाडीत पेट्रोल वाहणारी रबरी नळी बहुतेकदा गाडीइतकीच जुनी असते. तिची मुदत कुणी बघत नाही आणि गळायला लागली की पहिला विचार टेपचा येतो.

बाबांची गाडी १९९७ची, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करणारा जुना यांत्रिक भाग असलेली. पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी वॉचमनने बेल वाजवून सांगितलं, "ताई, तुमच्या गाडीपाशी पेट्रोलचा वास येतोय." खाली जाऊन बघितलं तर जमिनीवर डाग नव्हता, थेंबही नव्हता. बाबा म्हणाले, "टाकी काल भरलीय, म्हणून असेल. रविवारी बघू." रविवार तीन दिवसांवर होता. आम्ही तीन दिवस थांबलो नाही. का थांबायचं नसतं, आणि अशी गळती घरच्या घरी कितपत दुरुस्त करता येते, ते इथे सांगते.

आधी वाफेचं बघू

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. ती तयार व्हायला ऊन लागत नाही. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलवर पेटण्याइतकी वाफ जमते, म्हणजे मुंबईच्या हवेत ती बाराही महिने तयारच असते. हवेत साधारण दीड टक्का वाफ मिसळली की एक ठिणगी पुरते. वाटीभर पेट्रोल उडून गेलं तर दोन-तीन घनमीटर हवा पेटण्याजोगी होऊ शकते. छोट्या मोटारीच्या आत साधारण तेवढीच हवा मावते.

शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते, उतार धरते, गटारात उतरते. आपल्या नाकाला वास येतो तेव्हा घोट्याशी ती किती तरी दाट असू शकते.

आता आपल्या इमारतींची तळमजल्यावरची पार्किंग डोळ्यांसमोर आणा. एका कोपऱ्यात पाण्याचा पंप आणि टाकी रिकामी झाली की आपोआप चालू होणारा त्याचा स्विच. जिन्याखाली कोळशाची इस्त्री घेऊन बसलेला इस्त्रीवाला. वॉचमनच्या खुर्चीमागे गणपतीच्या फोटोपुढे उदबत्ती. येता-जाता सिगारेट ओढणारे. गळणाऱ्या गाडीसाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. म्हणून सगळ्यात पहिलं काम पान्हा हातात घेण्याचं नसतं. गाडी न्यूट्रलला टाकून चौघांनी ढकलत उघड्या आवारात न्यायची. चालू करून नाही, ढकलूनच. नव्या बनावटीच्या गाडीत नुसती किल्ली फिरवली तरी टाकीतला पंप चालू होतो आणि गळती वाढते. जुन्या गाडीत स्टार्टर आणि डिस्ट्रिब्युटर दोन्ही ठिणगी देणारे.

बाहेर आणल्यावर गाडी थंड होऊ द्या, बोनेट उघडा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. हे टर्मिनल सगळं काम संपल्यावर, सगळ्यात शेवटी लावायचं. जवळ पावडरचं अग्निशामक नळकांडं हवं, निदान वाळूच्या दोन बादल्या तरी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतायचं नाही. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पाण्याबरोबर वाहत पुढे जाते. आग लागलीच तर लांब पळा आणि १०१ला फोन करा. गाडीपेक्षा माणूस मोठा, हे त्या क्षणी आठवत नाही, म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच सगळ्यांनी मिळून बोलून ठेवावं.

दाब किती, त्यावर सगळं ठरतं

ही गळती घरी दुरुस्त करावी का, याचं एक उत्तर सगळ्या गाड्यांना लागू पडत नाही. टाकीतून इंजिनापर्यंत पेट्रोल कशाच्या जोरावर येतं, ते आधी बघावं लागतं.

जुन्या स्कूटरमध्ये आणि कार्ब्युरेटरवाल्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये टाकी वर, इंजिन खाली. पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं, दाब जवळजवळ नाहीच. खालचा कॉक बंद केला की प्रवाह थांबतो. कार्ब्युरेटरवाल्या मोटारीत टाकी मागे आणि खाली असते. इंजिनावर बसवलेला छोटा यांत्रिक पंप पेट्रोल ओढून आणतो. त्याचा दाब साधारण ०.२ ते ०.३ बार. मोटारीच्या टायरमध्ये २ बारच्या आसपास हवा असते, म्हणजे हा दाब टायरच्या दहाव्या हिश्शाएवढा. इंजिन बंद झालं की पंपही बंद.

इंजेक्शनच्या, म्हणजे आपण एमपीएफआय म्हणतो त्या गाड्यांत टाकीच्या आतच विजेचा पंप असतो आणि नळीत साधारण ३ बार दाब. टायरपेक्षा दीडपट. गाडी बंद केल्यावरही हा दाब बराच वेळ टिकतो. अशी नळी नुसती सैल केली तर पेट्रोलचा फवारा थेट तोंडावर येतो. कॉमन रेल डिझेल गाडीत इंजिनाजवळच्या लोखंडी नळ्यांत तर १००० बारच्याही वर दाब असतो. तिथली सुईएवढी धार कातडीतून आत शिरते.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या दोन प्रकारांत, हात सवयीचे असतील आणि उघडी जागा असेल, तर रबरी नळी घरी बदलता येते. पुढच्या दोन प्रकारांत घरी फक्त गळतीची जागा शोधायची आणि गाडी टो करून गॅरेजला न्यायची. तिथेही एक गोष्ट बघून ठेवा. चांगला मेकॅनिक इंजेक्शनच्या गाडीची नळी उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढतो, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, मग बॅटरी सोडतो आणि जोडावर फडकं धरूनच तो उघडतो. यातलं काही न करता कुणी सरळ पक्कड लावत असेल तर त्याला थांबवा.

मुंबईत आणखी एक भानगड आहे. इथल्या कितीतरी जुन्या गाड्यांना सीएनजी किट बसवलेलं आहे. रोज गॅसवर धावणाऱ्या गाडीत पेट्रोलची नळी आठवडेच्या आठवडे दुर्लक्षित राहते, टाकीत जुनं पेट्रोल पडून असतं, रबर वाळतं. मग एक दिवस गॅस संपतो, पेट्रोलवर टाकायची वेळ येते आणि गळती सुरू होते. अशा गाडीत पेट्रोलचं काम करताना सीएनजीच्या कुठल्याही नळीला, नटाला, व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास दाब असतो. त्याची दर ३ वर्षांनी होणारी चाचणी आणि सगळी दुरुस्ती अधिकृत माणसाकडेच.

गळतंय कुठे

आमच्या गाडीखाली डाग का नव्हता? थेंब पडायच्या आत उडून जात होता. पेट्रोलची बारीक गळती ऑइलसारखा काळा डाग सोडत नाही. उलट ती जागा स्वच्छ करते. इंजिनावर सगळीकडे धूळ आणि चिकट काजळी, आणि एका नळीच्या टोकाला मात्र धुतल्यासारखी लख्ख जागा, असं दिसलं की समजावं. कधी तिथे फिकट पिवळसर-तपकिरी राप राहतो. एलईडीच्या टॉर्चने बघा, तारेवर लोंबणारा दिवा नको. कोरडा टिश्यू पेपर प्रत्येक जोडाभोवती फिरवा आणि हुंगा. हा साधा उपाय मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

वास कधी येतो, तेही सांगून जातं. गाडी रात्रभर उभी असतानाही येत असेल तर टाकी, टाकीवरचं गॅस्केट किंवा टाकीजवळची नळी तपासा. गाडी चालवल्यावरच येत असेल तर पंपाच्या पुढचा भाग. फक्त टाकी काठोकाठ भरल्यावर येत असेल तर टाकीच्या तोंडाची जाड नळी किंवा वाफेची बारीक नळी.

प्रत्येक गळती नळीचीच असते असंही नाही. कार्ब्युरेटरमधला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता भाग, अडकला किंवा त्याखालच्या सुईत कचरा बसला तर पेट्रोल वरून वाहतं. यांत्रिक पंपाचा पडदा फाटला तर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब येतात, किंवा पेट्रोल आतल्या आत इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. म्हणून ऑइलची पट्टी बाहेर काढून एकदा हुंगावीच. ऑइलची पातळी न ओतता वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर नळी बदलून काही होणार नाही. आणि पावसाळ्यात उंदीर. उबेसाठी इंजिनात शिरतात आणि नळ्या कुरतडतात. दातांच्या खुणा रबरावर अगदी स्पष्ट दिसतात.

आमच्याकडे दोष साधा निघाला. पंपातून कार्ब्युरेटरकडे जाणारी वीतभर नळी, तिच्या क्लिपजवळ केसासारख्या चिरा. नळी वाकवली की चिरा उघडत, सोडली की मिटत. कुकरची जुनी रिंग बोटांनी दाबल्यावर जशी कडक लागते, तशी ती लागत होती.

रबर असं का होतं? पेट्रोल त्यातला मऊपणा हळूहळू धुऊन नेतं, इंजिनाची उष्णता उरलेला सुकवते. त्यात आता इथेनॉलची भर. २०२२मध्ये देशभरात पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर गेलं, २०२५मध्ये २० टक्क्यांवर. एप्रिल २०२३पासून बनलेल्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला टिकतील असे केलेले आहेत. १९९७च्या नळीने हे मिश्रण कधी पाहिलेलंच नव्हतं. इथेनॉलने काही जुनी रबरं फुगतात आणि कोरडी पडली की चिरतात. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, आणि आपल्याकडे जुलैत हवेत पाण्याला तोटा नाही. महिनोन्महिने उभ्या गाडीत ते पाणी टाकीला आणि लोखंडी पाइपला आतून गंज चढवतं.

नळी आणायची कुठली

पूर्वी एका गॅरेजात आमच्या गाडीला दुधी रंगाची पारदर्शक प्लास्टिकची नळी लावून दिली होती. आतलं पेट्रोल दिसतं, म्हणून बाबा खूश होते. वर्षभरात ती पिवळी पडून काचेसारखी कडक झाली. साधं पीव्हीसी पेट्रोलसाठी नसतंच. पाण्याची, हवेची किंवा गॅसची नळीही चालत नाही, मापात बसली तरी नाही.

पेट्रोलच्या नळीवर तिचा दर्जा छापलेला असतो. वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेच्या जे३० मानकातले आर६ आणि आर७ हे प्रकार कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी, आर९ इंजेक्शनच्या दाबासाठी. आर९चा आतला थर फ्लोरोइलॅस्टोमर नावाच्या खास रबराचा असतो. तो इथेनॉलला टिकतो आणि त्यातून वाफही कमी झिरपते. म्हणून दाबासाठी गरज नसली तरी मी आर९च घेते. किंमत जास्त पडते, पण लागते हात-दोन हातच. नळीवर काहीच छापलेलं नसेल तर दुकानदार काहीही सांगो, ती ठेवून यायची. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत, नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चौकशी करा आणि जुन्या नळीचा तुकडा सोबत न्या. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन नळ्यांचं आतलं माप वेगळं असू शकतं. सैल नळी क्लिपने आवळून घट्ट होते, हा गैरसमज आहे. तिला सुरकुती पडते आणि सुरकुतीतून पेट्रोल येतं.

क्लिपही नवी घ्या. पट्टीला आरपार खाचा असलेली साधी जुबिली क्लिप रबरात रुतते आणि ते कापते. आतून गुळगुळीत आणि कडा बाहेर वळवलेली पेट्रोलची क्लिप वेगळी मिळते. आमच्या नळीला चिरा नेमक्या क्लिपच्या कडेलाच गेल्या होत्या.

एक चिरली म्हणजे बाकीच्या नळ्याही त्याच वयाच्या. म्हणून टाकीजवळचा तुकडा, फिल्टरच्या दोन्ही बाजू, पंपाच्या आधीचा आणि नंतरचा, टाकीकडे परत जाणारी नळी असेल तर ती, सगळं मोजून एकदमच आणलं. फिल्टरही.

प्रत्यक्ष काम

नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. टाकीचं झाकण एकदा उघडून परत लावा. उन्हात टाकीत वाफेचा दाब साठलेला असतो, तो निघून जातो. जोडाखाली पत्र्याचा पसरट डबा ठेवा. क्लिप सैल करून जुनी नळी ओढू नका, निप्पल (नळी जिच्यावर चढवतात ती धातूची तोटी) वाकेल. धारदार ब्लेडने नळीला उभा छेद द्या आणि सोलून काढा. ब्लेड निप्पलवर घासू देऊ नका, त्या चरातूनही पुढे गळती होते. टाकीकडून येणारं टोक लगेच मापाच्या बोल्टने बंद करा. गाडीचं नाक उताराला असेल तर पेट्रोल आपसूक वाहत येतं.

टाकी रिकामी करायची वेळ आलीच तर नळीला तोंड लावून पेट्रोल ओढायचं नाही. गॅरेजात हे सर्रास दिसतं. एक घोट श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसं निकामी होऊ शकतात. दाबाचा छोटा हातपंप मिळतो, तो वापरा. काढलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत नको. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विनापरवाना ठेवायचं पेट्रोल घट्ट बुचाच्या धातूच्या डब्यात, तोही २५ लिटरपर्यंतच, किंवा १ लिटरपर्यंतच्या काचेच्या वा चिनी मातीच्या भांड्यात ठेवायचं असतं. सगळं मिळून ३० लिटरच्या वर नाही.

नवी नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापा. करवतीने कापली तर रबराचा भुसा आत राहतो आणि थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसतो. मापात जुन्या नळीपेक्षा किंचित लांब ठेवा, कारण इंजिन हलतं आणि चासी हलत नाही. निप्पलवर इंचभर तरी चढली पाहिजे, त्याच्या उंचवट्याच्या पुढे. क्लिप आधीच नळीवर ओवून ठेवा आणि उंचवट्याच्या मागे आवळा. रबर क्लिपच्या बाहेर फुगून यायला लागलं की थांबा. फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे. नळी सायलेन्सरच्या पाइपला, पत्र्याच्या कडेला, फिरणाऱ्या पट्ट्याला कुठेही लागत नाही ना, हे बोटाने चाचपून बघा.

गाडीखालून जाणारा लोखंडी पाइप गंजून झिरपत असेल तर गोष्ट वेगळी. समुद्राची हवा आणि साचलेलं पाणी या दोन्हींमुळे आपल्याकडे तो हमखास गंजतो, बहुतेकदा पाइप धरणाऱ्या पट्टीच्या आत, जिथे चिखल अडकून राहतो. त्याला वेल्डिंग, ब्रेझिंग, सोल्डरिंग, काही म्हणजे काही करायचं नाही. एपॉक्सीची पुट्टी लावली तर गाडीच्या थरथरीने ती सुटते. तांब्याचा पाइप सहज वाकतो म्हणून मोह होतो, पण थरथरीने तांबं कडक होऊन तडकतं. तो पाइप अख्खा बदलायचा असतो, आणि त्यासाठी गाडी रॅम्पवर हवी. जॅकवर उचललेल्या गाडीखाली, पेट्रोल टपकत असताना झोपणं मला मान्य नाही. हे काम आम्हीही गॅरेजलाच दिलं असतं.

मुंबईत असे हात आता कमी होत चाललेत. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेल्या. यांत्रिक पंपाचा पडदा डोळे मिटून बदलणारे मेकॅनिकही त्यांच्यासोबत दुसऱ्या कामांना लागले. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर काम त्याच्यासमोर एकदा करा. आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी तरुणपणी टॅक्सी चालवली होती. ते खुर्ची टाकून पूर्ण वेळ शेजारी बसले आणि दोनदा म्हणाले, "ती क्लिप अजून मागे घे, बाळा." दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं.

जोडून झाल्यावर लगेच किल्ली फिरवली नाही. सांडलेलं पुसलं, बोनेट उघडं ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत, चांगला अर्धा तास थांबलो. फडकी गोळा करून कोपऱ्यात न टाकता उघड्यावर दगड ठेवून वाळवली, मग पत्र्याच्या डब्यात बंद केली. गटारात एक थेंबही सोडला नाही. मग बॅटरी जोडली. एक जण किल्लीवर, एक जण अग्निशामक घेऊन, मी टॉर्च आणि टिश्यू घेऊन. रिकाम्या नळ्या भरेपर्यंत स्टार्टर थोडा जास्त फिरला, मग इंजिन लागलं. पाच मिनिटं प्रत्येक जोड बघितला. टिश्यू कोरडा. इंजिन तापल्यावर पुन्हा बघितला, कारण गरम रबर सैलावतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, तिसऱ्यांदा.

त्या दिवशी पंपापुढच्या क्लिपला पाव फेरा आणखी लागला. बाकी सगळं कोरडं होतं. बाबांनी बोनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने तारीख लिहिली, आणि तिच्याखाली ५ वर्षांनंतरची.